आधी कान, मग अक्षर: गोव्यातल्या चर्चच्या प्राथमिक शाळा आणि इंग्रजी वाचन

गोव्यात प्राथमिक शाळेतल्या इंग्रजीवरून गेली पस्तीस वर्षे वाद चालू आहे. १९९० मध्ये, शशिकला काकोडकर शिक्षणमंत्री असताना, मराठी किंवा कोंकणी माध्यम असेल तरच प्राथमिक शाळेला अनुदान मिळेल, असे राज्य सरकारने ठरवले. त्यानंतर कॅथलिक धर्मप्रांताच्या शिक्षणसंस्थेच्या शंभराहून अधिक प्राथमिक शाळांनी इंग्रजी सोडून कोंकणी माध्यम स्वीकारले. २०११ मध्ये पालकांच्या आंदोलनानंतर दिगंबर कामत यांच्या सरकारने इंग्रजी माध्यमालाही अनुदान देऊ केले आणि यातल्या बहुतेक शाळा पुन्हा इंग्रजीकडे वळल्या. या निर्णयाविरुद्ध भारतीय भाषा सुरक्षा मंच उभा राहिला. २०१२ मध्ये मनोहर पर्रीकर यांचे सरकार आले, तरी या अल्पसंख्याक शाळांचे अनुदान चालूच राहिले. मंचाची धार मग त्या सरकारकडे वळली आणि त्याची परिणती २०१६ मध्ये मंचाचे नेते सुभाष वेलिंगकर यांना राष्ट्रीय स्वयंसेवक संघाच्या गोव्यातल्या प्रमुखपदावरून दूर करण्यात झाली. एवढी मोठी घडामोड सहा ते दहा वर्षांच्या मुलांच्या शाळेवरून झाली. तिच्यात अनुदान कोणाला, घटनेचे कलम काय सांगते, भाषेची अस्मिता कोणाची, हे सगळे बोलले गेले. पहिलीतल्या मुलाला इंग्रजी वाचायला नेमके शिकवायचे कसे, या प्रश्नाला मात्र दोन्ही बाजूंनी फारच थोडी जागा दिली. माध्यम ठरले की भाषा आपोआप येते, असे इंग्रजीच्या समर्थकांनी धरले. माध्यम रोखले की मातृभाषा आपोआप टिकते, असे विरोधकांनी धरले. या दोन्ही समजुती चुकीच्या आहेत आणि त्यांची किंमत वर्गातले मूल मोजते, असे माझे मत आहे.

आधी पालकांची बाजू नीट मांडायला हवी, कारण मराठी वृत्तपत्रांतून तिला बऱ्याचदा ‘इंग्रजीचे वेड’ असे नाव देऊन बाजूला सारले जाते. गोव्यातल्या ख्रिस्ती कुटुंबांचा इंग्रजीशी संबंध पोटापाण्याचा आहे आणि तो जुना आहे. पोर्तुगीज राज्यात शेती आणि नोकऱ्या तुटपुंज्या होत्या. त्यामुळे एकोणिसाव्या शतकापासून बार्देश आणि साष्टीतली माणसे ब्रिटिश मुंबईत, कराचीत, जहाजांवर आणि पुढे पूर्व आफ्रिकेत कामाला जात राहिली. मुंबईत गावागावाच्या नावाने उभ्या राहिलेल्या ‘कुडी’ म्हणजे या स्थलांतराची वसतिगृहे. खलाशी, आचारी, वादक, कारकून यांतले कोणतेही काम इंग्रजी समजल्याशिवाय मिळत नसे. म्हणूनच पोर्तुगीज अमलाखाली असूनही १८८७ मध्ये बार्देशातल्या हडफडे गावी सेंट जोसेफ ही इंग्रजी शाळा सुरू झाली. पुढे मुंबई आणि आफ्रिकेची जागा आखाताने आणि पोर्तुगीज पारपत्रावर गाठलेल्या ब्रिटनने घेतली, गरज तीच राहिली. ज्या घरात तीन पिढ्यांची मिळकत परक्या बंदरातून आली, त्या घराने मुलीला इंग्रजी यावे असा आग्रह धरला तर त्यात समजायला अवघड काही नाही. शिवाय १९९० च्या नियमाचा भार सगळ्यांवर सारखा पडला नाही. फी भरू शकणाऱ्याला विनाअनुदानित इंग्रजी शाळा मोकळी होती. न भरू शकणाऱ्याला मात्र सरकार म्हणेल ते माध्यम घ्यावे लागले.

तर हेतू रास्त आहे. पण हेतू रास्त असला म्हणून त्यासाठी निवडलेले साधन बरोबर ठरत नाही. वाचन म्हणजे काय, याची एक सोपी आणि गेली चाळीस वर्षे कसाला लागलेली मांडणी फिलिप गॉफ आणि विल्यम टनमर या संशोधकांनी १९८६ मध्ये केली. त्यांच्या मते वाचन हा दोन गोष्टींचा गुणाकार आहे. छापलेल्या अक्षरांवरून शब्दाचा उच्चार काढता येणे ही एक, आणि तो शब्द, ते वाक्य कानावर पडल्यावर कळणे ही दुसरी. बेरीज असती तर एक बाजू लंगडी असूनही काहीतरी हाती लागले असते. गुणाकारात एक बाजू शून्य झाली की सगळे शून्य होते. घरी इंग्रजी बोलली जाते अशा मुलाला दुसरी बाजू आयती मिळते, शाळेने फक्त पहिली द्यायची असते. कुंकळ्ळीच्या किंवा हळदोण्याच्या साध्या घरातून आलेल्या मुलाला इंग्रजीत दोन्ही बाजू शाळेकडूनच मिळायच्या असतात. त्याच्याकडे दुसरी बाजू भरभक्कम असते, पण कोंकणीत. भावंडे, शेजारी, बाजार, भजन, भांडण, आजीच्या गोष्टी, हे सारे शब्दभांडार शाळेच्या दारापर्यंत त्याच्याबरोबर येते. इंग्रजी माध्यमाची शाळा पहिल्याच दिवशी ते बाहेर ठेवायला सांगते आणि ज्या भाषेत मुलाचा कान जवळजवळ रिकामा आहे तिच्यात अक्षरे लावायला बसवते.

यातून जे तयार होते ते आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहे, फक्त आपण त्याला यश समजतो. मूल धडा खणखणीत वाचून दाखवते, प्रश्नांची पाठ केलेली उत्तरे लिहिते, वही स्वच्छ असते, अक्षर वळणदार असते. वाचलेले काय, हे स्वतःच्या शब्दांत सांग म्हटले की ते गप्प होते. ‘असर’ या ग्रामीण शिक्षणाच्या पाहणीत हा प्रश्न देशपातळीवर दिसतो. २०२२ च्या अहवालानुसार पाचवीतली जेमतेम एक चतुर्थांश मुले इंग्रजीतली साधी वाक्ये वाचू शकत होती आणि २०१६ पासून त्यात जवळपास फरक पडलेला नव्हता. वाचता आलेल्यांपैकीही अनेकांना त्या वाक्याचा अर्थ सांगता येत नव्हता. उच्चार काढता येणे आणि कळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि वेगवेगळ्या तपासाव्या लागतात, हे ज्या शाळेला ठाऊक नाही तिला आपले मूल कुठे अडले आहे हेही कळत नाही.

पहिली बाजू, म्हणजे अक्षरावरून उच्चार, इंग्रजीत विशेष अवघड आहे. देवनागरीत ‘क’ या अक्षराचे नावही ‘क’ आणि आवाजही ‘क’. ज्याला मुळाक्षरे आणि बाराखडी आली त्याला कोणताही छापील शब्द उच्चारता येतो, अर्थ पुढे कळेल. इंग्रजीत सव्वीस अक्षरांवर सुमारे चव्वेचाळीस ध्वनींचा भार आहे आणि एकाच अक्षरजोडीचा उच्चार शब्दागणिक बदलतो. ‘ब्रेड’ आणि ‘बीड’ या दोन्ही शब्दांत ई-ए हीच जोडी येते. युरोपातल्या तेरा भाषांमध्ये वाचायला शिकणाऱ्या मुलांचा एक तुलनात्मक अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्या वर्षाच्या अखेरीस ग्रीक, फिनिश, इटालियन, स्पॅनिश, जर्मन मुले ओळखीचे नव्वद टक्क्यांहून अधिक शब्द अचूक वाचत होती. इंग्रजी शिकणाऱ्या स्कॉटिश मुलांचे प्रमाण चौतीस टक्के होते. ती मुले वयाने काहीशी लहान होती हे खरे, पण एवढी तफावत वयाने भरून निघत नाही. आणि ही इंग्रजी ज्यांची बोलीभाषा आहे अशा मुलांची गोष्ट आहे.

इंग्लंडने या अडचणीकडे डोळेझाक केली नाही. २००६ मध्ये जिम रोझ यांच्या अहवालाने अक्षरे आणि ध्वनी यांचे नाते पहिल्या दिवसापासून क्रमवार, ठरवून शिकवावे अशी शिफारस केली. २०१२ पासून तिथल्या प्रत्येक सरकारी प्राथमिक शाळेत, त्यात कॅथलिक शाळाही आल्या, साधारण सहा वर्षांच्या मुलाला चाळीस शब्द मोठ्याने वाचायला देतात. त्यातले निम्मे शब्द मुद्दाम अर्थहीन बनवलेले असतात, म्हणजे मूल चित्रावरून किंवा आठवणीवरून अंदाज बांधते आहे की खरोखर अक्षरे लावते आहे, हे कळते. या पद्धतीवर तिथेही टीका होते. वाचनाचा आनंद आणि गोष्टींची गोडी ध्वनींच्या सरावात आटून जाते, हा त्यातला मुख्य आक्षेप, आणि तो पोकळ नाही. पण ज्यांना घरी इंग्रजी मिळते त्यांनाही जर अक्षरध्वनी इतक्या नेटाने शिकवावे लागत असतील, तर ज्यांना ते मिळत नाही त्यांना ‘ए फॉर ॲपल’च्या तक्त्यावर सोडून देणे हा त्या मुलांवर अन्याय आहे.

कारण आपल्याकडची रूढ पद्धत अक्षरांची नावे शिकवते, आवाज शिकवत नाही. ‘सी, ए, टी, कॅट’ असे वर्ग एका सुरात म्हणतो. ‘सी’ या नावात ‘क’ कुठेच नाही आणि ‘ए’ या नावात ‘कॅट’मधला स्वर नाही. तीन नावे कितीही भरभर म्हटली तरी त्यांतून ‘कॅट’ निघत नाही. देवनागरीची सवय असलेले मूल साहजिकच अक्षर आपले नावच बोलणार असे धरून चालते, आणि ‘एच’, ‘वाय’, ‘डब्ल्यू’ यांच्यापाशी त्याचा धीर सुटतो. मग स्पेलिंग पाठ करणे हा एकच मार्ग उरतो. हुशार मूल दोन-तीनशे शब्दांची चित्रे डोक्यात साठवते आणि तिसरीपर्यंत निभावते. चौथी-पाचवीत परिसर अभ्यासाचे नवे, लांब शब्द धडाधड येऊ लागले की साठवण संपते. पालकांना वाटते मूल अचानक मागे पडले. ते मागे पडलेले नसते, त्याला वाचायला कधी शिकवलेच गेलेले नसते. कॉन्व्हेंटमधल्या सुरेख तिरप्या अक्षराचा आपल्याला अभिमान असतो, पण चार रेघांच्या वहीत दिवसचे दिवस उतरवून काढणे हा वाचनाचा पाया नव्हे. त्या वेळेतला अर्धा जरी ध्वनी जोडण्या-तोडण्याला दिला तरी फळ निराळे येईल.

आता दुसरी बाजू, कळण्याची. इथे माझा मुद्दा मातृभाषावाद्यांच्या जवळ जातो, पण त्यांच्यापाशी थांबत नाही. नायजेरियातल्या इफे विद्यापीठाने १९७० मध्ये एक प्रयोग सुरू केला. काही मुलांना प्राथमिकची सहाही वर्षे योरुबा या त्यांच्या भाषेतून शिकवले आणि इंग्रजी हा विषय म्हणून, खास शिक्षकाकडून, नीट शिकवला. तुलनेतली मुले रूढ पद्धतीने तीन वर्षांनी इंग्रजी माध्यमात गेली. सहा वर्षांनंतर योरुबा माध्यमाची मुले इतर विषयांत पुढे होती आणि इंग्रजीतही मागे नव्हती. इंग्रजीला तास कमी मिळाले म्हणून इंग्रजी कच्चे राहिले नाही. यावर असे म्हणता येईल की त्या प्रयोगाला नवी पुस्तके आणि निवडक शिक्षक मिळाले होते. बरोबर आहे, आणि माझे म्हणणेही तेच आहे. फरक पडला तो शिकवण्यामुळे. १९९० नंतरच्या गोव्यात माध्यम कोंकणी झाले, पण इंग्रजी विषय म्हणून उत्तम शिकवण्याची तेवढीच जबाबदारी कोणी घेतली असती, तर २०११ चे आंदोलन इतके तीव्र झाले असते असे वाटत नाही. मुलाला इंग्रजी येते आहे हे घरी दिसले असते. महाराष्ट्रानेही २००० पासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आणले, पण पहिलीला शिकवणाऱ्या शिक्षकाला इंग्रजीचे ध्वनी शिकवण्याची तयारी त्या प्रमाणात दिली नाही, आणि पालकांचा ओघ मराठी शाळांबाहेर जातच राहिला.

गोव्यातल्या चर्चच्या शाळांकडे मात्र असे एक साधन आहे जे देशातल्या फार थोड्या शाळांकडे असेल, आणि या सबंध वादात त्याचा विचार झाल्याचे दिसत नाही. ते म्हणजे रोमी, म्हणजेच रोमन अक्षरांत लिहिलेली, कोंकणी. गोव्यात छपाईयंत्र आले १५५६ मध्ये. १५७९ मध्ये गोव्यात आलेले इंग्रज जेझुइट थॉमस स्टीफन्स यांचे मराठी ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राशोल इथे रोमन अक्षरांत छापले गेले. त्यांची कोंकणी धर्मप्रश्नोत्तरी १६२२ मध्ये आणि कोंकणीचे व्याकरण १६४० मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, आले. त्या भूमीवर आलेला पहिला विद्वान इंग्रज आपली भाषा शिकवायला बसला नाही, इथली शिकून तिच्यात लिहू लागला, हे इंग्रजी माध्यमाची चर्चा करताना आठवण्यासारखे आहे. १८८९ मध्ये एदुआर्द ब्रुनो द सोझा यांनी ‘उदेंतेचें साळक’ हे कोंकणीतले पहिले नियतकालिक रोमन लिपीत, तेही पुण्याहून काढले. ‘दर म्हयन्याची रोटी’ १९१५ पासून आणि ‘वावराड्यांचो इश्ट’ १९३३ पासून चालत आले आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये उपासनेला लोकभाषेची दारे उघडली, तेव्हा गोव्यात मिस्सा कोंकणीत आली आणि तिची छापील पुस्तके रोमन अक्षरांत आली. म्हणजे इंग्रजी ज्या अक्षरांत लिहितात त्याच अक्षरांत आपली बोली छापलेली, हे दृश्य या मुलांना दर रविवारी दिसते.

याचा उपयोग काय, हे समजण्यासाठी वरचा गुणाकार पुन्हा मांडून पाहावा. आठवड्याला कित्येकदा म्हटलेली प्रार्थना किंवा भक्तिगीत मुलाला पाठ असते. त्याचा अर्थ, लय, शब्दांची वळणे सगळे त्याच्या कानात असते. म्हणजे दुसरी बाजू पूर्ण भरलेली असते. अशा मजकुराची रोमन अक्षरे त्याच्यासमोर ठेवली तर काम उरते ते फक्त पहिल्या बाजूचे: हे चिन्ह, हा आवाज. आणि रोमी कोंकणीत हे नाते इंग्रजीपेक्षा पुष्कळ स्थिर आहे. पोर्वरीच्या थॉमस स्टीफन्स कोंकणी केंद्राने तिच्या लेखनाचे नियमही बांधून दिले आहेत. म, न, प, ब, त, क, ल, स या आवाजांची रोमन चिन्हे मूल आपल्या भाषेतल्या, कळणाऱ्या शब्दांतून शिकेल. अक्षरे म्हणजे आवाज आणि आवाज जोडले की शब्द, हा वाचनातला सर्वांत मोठा शोध त्याला परक्या भाषेत चाचपडत लावावा लागणार नाही. त्यानंतर त्याच अक्षरांचे छोटे इंग्रजी शब्द आले तर नवे राहते ते एवढेच, की काही अक्षरे इंग्रजीत वेगळी वागतात. दरम्यान तोंडी इंग्रजी वेगळ्या तासाला, गोष्टी ऐकवून, खेळातून, कृती करून, पुस्तकाविना चालू ठेवायचे, म्हणजे मुलाच्या कानात शब्द आधी जातील आणि छापील रूप मागून येईल. कोंकणी कानाची आणखी एक जमेची बाजू आहे. कोंकणीत ‘ए’ आणि ‘ओ’ यांचे उघडे आणि मिटलेले असे दोन-दोन उच्चार आहेत आणि त्यांनी अर्थ बदलतो. प्रमाण मराठीत असा फरक अर्थाला लागत नाही. म्हणून ‘गॉट’ आणि ‘गोट’ यांतला फरक गोव्यातल्या मुलाला पुण्यातल्या मुलापेक्षा सहज ऐकू यावा. ही योजना शेपन्नास वर्गांत नीट राबवून, मोजून पाहावी अशी आहे. ती आधीच सिद्ध झाली आहे असा दावा मी करत नाही, पण वाचनाबद्दल जे पक्के ठाऊक आहे त्याला धरूनच ती आहे.

पहिला आक्षेप उघड आहे: दोन भाषा एकाच लिपीत शिकवल्या तर मुलाचा गोंधळ होईल. रोमी कोंकणीत एक्स हे अक्षर ‘श’ म्हणून वाचतात, शब्दाच्या शेवटी येणारा एम बऱ्याचदा नुसता अनुनासिक असतो, ‘ट’ आणि ‘ड’ दाखवायला अक्षर दोनदा लिहितात. इंग्रजीत यातले काहीच चालत नाही. याला उत्तर वेल्समध्ये मिळते. वेल्श भाषाही रोमन अक्षरांत लिहितात आणि तिच्यात एफ म्हणजे ‘व’, डब्ल्यू हा बऱ्याचदा ‘उ’सारखा स्वर. तिथल्या वेल्श माध्यमाच्या शाळांत मुले आधी वेल्श वाचायला शिकतात, इंग्रजी वाचन-लेखनाचे रीतसर शिक्षण साधारण सातव्या वर्षी सुरू होते, आणि ती दोन्ही भाषा वाचतात. वेल्शचे स्थिर लेखन आधी शिकल्याने पाया पक्का होतो. वेगळी वागणारी अक्षरे सुरुवातीला बाजूला ठेवून, दोन्ही भाषांना समान असलेल्यांपासून आरंभ करायचा, एवढे पथ्य पाळावे लागेल. वेल्समध्ये घरी इंग्रजी सर्रास ऐकू येते, गोव्यात तसे नाही, हा फरक आहे. त्यासाठीच तोंडी इंग्रजीचा वेगळा तास हवा.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. चर्चच्या शाळेत फक्त ख्रिस्ती मुले नसतात. हिंदू शेजाऱ्यांची मुले असतात, कर्नाटकातून आणि उत्तरेकडून कामाला आलेल्या मजुरांची मुले असतात. त्यांच्यावर चर्चच्या प्रार्थनांतून अक्षरे शिकण्याची वेळ आणणे अजिबात योग्य नाही आणि तसे सुचवायचेही नाही. तत्त्व आहे ते कानात असलेल्या मजकुरापासून सुरू करण्याचे. धालो-फुगडीची गाणी, खेळातली बडबड, मासळीबाजारातली वाक्ये, वर्गातल्या मुलांनी सांगितलेली आणि बाईंनी लिहून घेतलेली गोष्ट, हा मजकूर सगळ्यांचा असतो. कन्नड बोलणाऱ्या मुलाला कोंकणीही दुसरीच भाषा आहे, पण ती त्याच्या गल्लीत दिवसभर ऐकू येते, इंग्रजी येत नाही. देवनागरी कोंकणीला यातून धक्का लागण्याचेही कारण नाही. १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरीतली कोंकणी ही राज्याची भाषा आहे, शाळेत ती विषय म्हणून शिकवली जाते आणि जावी. लिपीवरून गोव्यात फार कटुता साचली आहे, म्हणून हे स्पष्ट म्हणायला हवे: रोमी ही इथे इंग्रजी वाचनाकडे नेणारी पायरी म्हणून सुचवली आहे, देवनागरीची जागा घ्यायला नव्हे. वसईच्या कॅथलिक समाजाचे उदाहरण याच्या उलट्या टोकाला आहे. तिथे उपासना मराठीत, देवनागरीत आहे, घरी सामवेदी किंवा वाडवळी बोली आहे, आणि तिथल्या पॅरिशच्या मराठी शाळांनी अनेक पिढ्या शिकवल्या आहेत. तिथे पायरी वेगळी असेल, पण कानापासून निघण्याचे तत्त्व तेच राहील.

भाषाप्रेमींचा आक्षेप असा की हे सगळे करून शेवटी मूल इंग्रजीकडेच न्यायचे असेल तर मातृभाषेला फक्त शिडी म्हणून वापरले असे होईल. मला उलट वाटते. आज इंग्रजी माध्यमाच्या प्राथमिक शाळेत कोंकणी हा एक विषय आहे, वर्गात तोंडातून निघाली तर बऱ्याचदा चूक मानली जाणारी भाषा आहे. तीच अक्षरज्ञानाची पहिली भाषा झाली तर तिला शाळेत कामाची जागा मिळेल. कायद्याने माध्यम लादण्याचा मार्ग तसाही बंद झाला आहे. ६ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने कर्नाटकाच्या प्रकरणात स्पष्ट केले की प्राथमिक शिक्षण मातृभाषेतूनच घ्या अशी सक्ती राज्य करू शकत नाही. शिक्षणहक्क कायदा माध्यम ‘शक्यतो’ मातृभाषा असावी म्हणतो, २०२० चे राष्ट्रीय धोरणही ‘शक्य तिथे’ म्हणते. कॅथलिक चर्चचा शिक्षणविषयक १९६५ चा जाहीरनामा पालकांना मुलांचे पहिले शिक्षक मानतो. तेव्हा निर्णय पालकांचा राहणार. मग त्या निर्णयाच्या आत, इंग्रजी माध्यमाच्या पाटीखाली, कोंकणीला शिकवण्याचे खरे काम देणे हाच तिच्या बाजूने लढण्याचा उरलेला व्यवहार्य मार्ग आहे.

यात सगळ्यात कमी बोलले जाते ते शिक्षिकेबद्दल. पहिली-दुसरीला शिकवणाऱ्या बाई स्वतः स्पेलिंग पाठ करून शिकलेल्या असतात. इंग्रजीचे ध्वनी वेगळे करून त्यांना कोणी कधी ऐकवलेले नसतात. त्यांच्याकडून ध्वनिपद्धतीची अपेक्षा करायची तर दोन दिवसांचे शिबिर पुरणार नाही. वर्षभर, वर्गात येऊन मदत करणारा जाणता माणूस हवा, कोंकणी आणि इंग्रजीत ध्वनींच्या क्रमाने लिहिलेली छोटी पुस्तके हवीत आणि पाठ्यपुस्तक संपवण्याच्या घाईतून सुटका हवी. धर्मप्रांताच्या संस्थेच्या हाती एकाच पद्धतीने चालणाऱ्या इतक्या शाळा आहेत की हे काम तिला सरकारची वाट न पाहता सुरू करता येईल. तशी पुस्तके लिहायला लागणारे लोक, रोमीचे लेखक आणि संपादक, तिच्या आसपासच आहेत.

सरकारने मात्र अनुदानाच्या अटी बदलाव्यात. सध्याची अट माध्यम कोणते एवढेच विचारते. २०२१ मध्ये सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ मोहिमेने तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला अर्थासह वाचता यावे असे उद्दिष्ट ठेवले आहे. त्याला धरून दुसरीच्या अखेरीस प्रत्येक मुलाच्या दोन वेगळ्या तपासण्या व्हाव्यात. एकीत मुलाने न पाहिलेले सोपे शब्द, काही अर्थहीनही, वाचून दाखवावेत. दुसऱ्या तपासणीत छोटी इंग्रजी गोष्ट त्याला ऐकवावी आणि त्याने ती कोंकणीत, मराठीत, हिंदीत, जमेल त्या भाषेत परत सांगावी. गुण देण्यासाठी किंवा मुलाला नापास करण्यासाठी हे नको. दोन निकाल वेगवेगळे नोंदवायचे, एकत्र करायचे नाहीत, कारण उपाय वेगळे आहेत. ज्याला गोष्ट कळते पण शब्द लावता येत नाहीत त्याला अक्षरध्वनींचा सराव हवा. जो शब्द घडाघडा लावतो पण गोष्ट सांगू शकत नाही त्याला आणखी स्पेलिंग देऊन काही होणार नाही, त्याच्याशी बोलायला, त्याला वाचून दाखवायला रोज अर्धा तास देणारी शिक्षिका हवी, आणि त्या अर्ध्या तासाचा पगार अनुदानात धरलेला हवा.